सासूबाईंना बोटीवर न्यावं का?

प्रश्न : आम्ही नाशिकचे. मी, नवरा, चौदा वर्षांची मुलगी, दहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. पुढच्या मे महिन्यात युरोपातली क्रूझ करायचं घाटतंय. सात रात्री आहेत. बार्सिलोनाहून निघून मार्सेय, जिनोवा, रोम, नेपल्स, मग एक दिवस नुसता समुद्र, पाल्मा आणि परत बार्सिलोना. सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. गुडघे दुखतात, काठी लागते, बीपीची गोळी चालू आहे. नवरा म्हणतो, आईला झेपणार नाही, तिला ताईकडे ठेवू. नणंद म्हणते, तिनं जन्मभर सगळ्यांचं केलं, आता तुम्ही फिरणार आणि ती इथे बसणार? जाऊबाईंचं तिसरंच, त्यांच्या मते ग्रीसची बेटं जास्त सुंदर, तीच करा. सासूबाई स्वतः काहीच बोलत नाहीत. परवा माहितीपत्रक चाळताना फक्त एवढंच म्हणाल्या, “मार्सेयला थांबते होय गं ही बोट?” त्यांना न्यावं का? नेलं तर आमचं फिरणं होईल का? एवढे पैसे घालायचे तर सगळं नीट बघून व्हायला हवं. आणि एजंट ‘सगळं धरून’ म्हणतो त्यात खरंच सगळं येतं का? बोट लागण्याचीही भीती वाटते.
– एक सून, नाशिक

ताई,

तुमच्या पत्रात नवऱ्याचं मत आहे, नणंदेचं आहे, जावेचंही आहे. ज्यांच्या गुडघ्यांवरून हा सगळा खल चाललाय त्यांचं मात्र एकच वाक्य, आणि तेही तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला विचाराल तर अख्ख्या पत्रात कामाचं वाक्य तेवढंच आहे.

नाशिकच्या, शहात्तरीतल्या बाईनं नेमकं मार्सेयच का विचारावं? सावरकरांचं भगूर तुमच्यापासून किती लांब, हे मी तुम्हाला सांगायला नको. ८ जुलै १९१० ला ‘मोरिया’ बोटीच्या शौचकुपाच्या गोल खिडकीतून सावरकरांनी उडी मारली ती याच बंदरात. पोहत धक्का गाठला, पण फ्रेंच पोलिसानं धरून परत इंग्रजांच्या हवाली केलं. परक्या भूमीवर पकडलेला माणूस असा परत देता येतो का, यावरून प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेलं आणि फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूनं लागला. त्या पिढीनं ही उडी शाळेत, कीर्तनात, घरात कितीदा ऐकलेली असते. माझा अंदाज चुकीचाही असेल, त्यांना आणखी काही आठवलं असेल. पण आज संध्याकाळी चहाच्या वेळी शेजारी बसा आणि सरळ विचारा, “आई, तुम्हाला यायचंय का?” नवऱ्यालाही समोर बसवा. “तुम्हाला झेपेल का?” असं मात्र विचारू नका. त्याला आपल्याकडच्या बायकांचं उत्तर ठरलेलं असतं, “माझं काय गं, तुम्ही जाऊन या.”

त्या हो म्हणाल्या तर माझं मत न्या असंच आहे. गुडघेदुखीच्या माणसाला युरोप दाखवायचा तर क्रूझसारखी सोय दुसरी नाही. बसच्या सहलीत दर एक-दोन दिवसांनी नवं हॉटेल. सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर, दिवसभर बसमध्ये चढउतार आणि स्वच्छतागृह कधी येईल याची धास्ती. बोटीवर बॅग एकदाच उघडायची. पलंग, बाथरूम, जेवण, डॉक्टर सगळं एका छताखाली, मजले चढायला लिफ्ट. कंटाळा आला तर खोलीत जाऊन आडवं व्हावं, कुणाचा खोळंबा होत नाही.

फक्त एक अट आहे, आणि ती सासूबाईंसाठी नसून तुमच्यासाठी आहे. ‘सगळ्यांनी सगळं बघायचं’ हा हट्ट नाशिकलाच ठेवून या. पैसे भरलेत म्हणून प्रत्येक बंदरावर पाचही जणांनी उतरायचं असं ठरवलंत, तर तिसऱ्या दिवशी नवरा आईवर चिडेल, आई अपराधी चेहरा करून बसतील आणि मधल्यामधे तुमचं डोकं उठेल. चार-पाच हजार माणसं बोटीवरून उतरतात तेव्हा काहीजण बोटीवर मागे राहतातच, बहुतेक वयस्करच. रिकामा डेक, ऊन, हातात चहा, समोर अख्खं शहर. ती काही शिक्षा नव्हे. कित्येकांना सहलीतला सगळ्यात आवडलेला वेळ तोच वाटतो.

आता एकेक बंदर बघू.

पत्रिकेवर ‘रोम’ छापलंय ना? बोट रोमला जात नाही. ती लागते चिव्हितावेक्कियाला, तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. सकाळी सातला बोट लागली तरी उतरून, बंदराच्या बसनं बाहेर येऊन, स्टेशन गाठून, गाडी पकडून रोमला पोचेपर्यंत दहा वाजतात. बोट संध्याकाळी सातला सुटणार असेल तर परतायची शेवटची वेळ बरीच आधी असते, म्हणजे साडेतीनच्या आसपास रोम सोडायला हवं. हातात उरले पाच तास. त्यात कोलोसियम आणि व्हॅटिकन दोन्ही करू म्हणणारा एजंट तुम्हाला शहर दाखवत नाही, शर्यत लावतो. एक धरा. व्हॅटिकन धरलंत तर वार बघून घ्या. तिथलं संग्रहालय महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतं आणि बुधवारी सकाळी पोपच्या जाहीर दर्शनामुळे चौकात तोबा गर्दी असते. सासूबाईंनी या दिवशी बोटीवरच राहावं हे उत्तम. दहा वर्षांच्या मुलालाही विचारा, तो आजीबरोबर पोहण्याच्या तलावाशी राहायला एका पायावर तयार होईल. पण दोघांनाच सोडायचं तर लहान मुलाला बोटीवर कुणाच्या भरवशावर ठेवता येतं, याचे नियम कंपनीगणिक वेगळे असतात, ते आधी विचारून घ्या.

नेपल्सला उलट स्थिती. बोट अगदी शहरात, जुन्या किल्ल्यासमोर लागते. सगळे पाँपेईकडे धावतात. मी तुम्हाला एर्कोलानो सुचवेन, म्हणजे जुनं हर्क्युलेनियम. इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखीनं ही दोन्ही गावं गाडली. पाँपेई अफाट आहे. तिथे मोठमोठ्या दगडांचे खडबडीत रस्ते आणि नावाला सावली नाही. हर्क्युलेनियम आटोपशीर, शिवाय तिथे दुमजली घरं उभी आहेत, जळून कोळसा झालेली लाकडी दारं आणि तुळया अजून जागेवर दिसतात. मुलांना ‘इथे माणसं राहत होती’ हे तिथे पटकन कळतं. दोन्हीकडे जाणारी लोकल एकच. ती खच्चून भरते आणि खिसेकापूंसाठी नावाजलेली आहे, तेव्हा पाकीट पुढच्या खिशात. सासूबाईंनी इथे धक्क्यावर उतरून तासभर समोरच्या चौकात बसावं, वाटलं तर आइस्क्रीम खावं आणि परत चढावं. एवढंच. तेही नेपल्सच.

जिनोवा मात्र सगळ्यांनी मिळून करा. धक्का शहराला लागूनच आहे आणि जुन्या बंदरावरचं मत्स्यालय टॅक्सीनं काही मिनिटांत येतं. सगळं सपाटीवर, बसायला बाकं, मुलं खूश. खाण्याचंही इथे जमून जातं. ‘फारिनाता’ मागा. बेसन, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, बस्. मोठ्या थोरल्या तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजतात, कडा कुरकुरीत, मधे मऊ. आपल्या धिरड्याची सख्खी मावसबहीण. सासूबाई पहिल्या घासाला म्हणतील, यात हिरवी मिरची हवी होती. तिथलाच पेस्टो प्रसिद्ध आहे, पण त्यात चीज असतं आणि इटलीतल्या बऱ्याच जुन्या पद्धतीच्या चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण वापरतात. घरात कडक शाकाहार असेल तर हे माहीत असलेलं बरं.

मार्सेयला धक्का शहराच्या उत्तरेला, जुन्या बंदरापासून काही किलोमीटरवर आहे. इथे पैशाकडे बघू नका, थेट टॅक्सी करा. जुन्या बंदरावरून एक छोटी रस्त्यावरची आगगाडी टेकडीवरच्या नोत्र-दाम-द-ला-गार्द चर्चपर्यंत नेते. बसल्या बसल्या चढण संपते. थेट चर्चमध्ये जायला पुढे पायऱ्या आहेत, त्या चढायलाच हव्यात असं नाही. टेकडीवरून अख्खं बंदर, बेटं आणि खुला समुद्र दिसतो. तिथे सासूबाईंना निवांत बसू द्या, फोटोसाठी घाई करू नका. मुलीला आदल्या रात्री उडीची गोष्ट आजीच्या तोंडून ऐकायला लावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी तिला तो समुद्र वेगळा दिसेल. नवऱ्याला इतिहासाची आवड असेल तर त्यालाही सांगा, पहिल्या महायुद्धात १९१४ च्या सप्टेंबरअखेर हिंदी पलटणी फ्रान्समध्ये उतरल्या त्या याच बंदरात.

पाल्मा सोपं आहे. समुद्रावरूनच कॅथेड्रल दिसतं, तिथवर टॅक्सी आणि पुढे रमतगमत. समुद्रातला दिवस नेपल्स आणि पाल्माच्या मधे पडतोय, तो नीट झोप काढायला ठेवा. बार्सिलोनात सग्रादा फमिलिया चर्चची तिकिटं दिवस-वेळेसकट आधी ऑनलाइन काढा, दारात जाऊन ऐनवेळी मिळतील या भरवशावर राहू नका. १८८२ मध्ये सुरू झालेलं बांधकाम आहे ते, आपल्याकडचे रखडलेले उड्डाणपूल त्यापुढे काहीच नाहीत.

जाऊबाईंना सांगा, ग्रीस सुंदर आहे यात वाद नाही, पण सासूबाई बरोबर असताना नको. सँटोरिनीला मोठी बोट धक्क्याला लागत नाही. समुद्रातच नांगर टाकते आणि लहान होड्यांत उतरवून किनाऱ्याला नेतात. वर गावात जायला केबल कार, नाहीतर पावणेसहाशेच्या वर पायऱ्या. केबल कारची रांग उन्हात लागते. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये तिथे उत्तरेचं मेल्तेमी वारं सुटतं, तेव्हा बेट आयत्या वेळी रद्दही होतं. तुमच्या मार्गावर सगळीकडे बोट धक्क्याला लागते, फळीवरून चालत उतरायचं. काठीच्या माणसाला हा फरक फार मोठा.

बोट लागण्याबद्दल. मे महिन्यात भूमध्य समुद्र बहुतेक वेळा शांत असतो. मार्सेयच्या बाजूला मिस्त्राल नावाचं वारं कधीमधी जोर धरतं, तेव्हा थोडं हलतं. खोली बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यांपैकी एकावर घ्या, हेलकावे तिथे कमी लागतात. गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या. बीपीच्या औषधांबरोबर कुठली चालते ते तेच सांगतील, आणि या गोळ्यांनी वयस्करांना गुंगी येते. आलेपाक जवळ असू द्या. भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोटीनं गोव्याला गेलेल्या कुणा नातेवाइकांनी तुम्हाला घाबरवलं असेल तर त्यांना सांगा, ती बोट आणि ही बोट यांत फार अंतर आहे.

खोल्यांचं वाटप सगळे उलटं करतात. नवरा-बायको बाल्कनीची खोली घेतात आणि म्हातारं माणूस ‘तिला काय, झोपायचंच तर आहे’ म्हणून बिनखिडकीच्या खोलीत. अहो, दिवसभर बाहेर तुम्ही असणार! बाल्कनी सासूबाईंना आणि नातीला द्या. तुम्ही दोघं आणि मुलगा आतली खोली घ्या. एकट्या माणसाला खोली दिली तर बहुतेक कंपन्या जवळजवळ दोघांचं भाडं लावतात, म्हणून नात बरोबर हवीच. खोली लिफ्टपासून जवळ मागा. या बोटी तीनशे मीटरच्या आसपास लांब असतात, चुकीच्या टोकाला खोली मिळाली तर जेवायला जाणं हीच एक सहल होते. व्हीलचेअरची मदत विमानात आणि बोटीवर चढताना लागेल असं बुकिंगच्या वेळीच लिहून द्या. सासूबाई ‘मला काय झालंय’ म्हणतील. म्हणू द्या, पण रांगेत एक तास उभं राहिल्यावर खुर्ची मागून मिळत नाही.

‘सगळं धरून’ या शब्दांवर विसंबू नका. एजंटकडून लेखी घ्या की बंदराचे कर, विमान, व्हिसा, विमा, टिप आणि बंदरावरच्या सहली यांपैकी काय आत आहे आणि काय बाहेर. टिप बहुतेक बोटींवर रोज माणशी आपोआप खात्यावर चढते, पाच जणांचं सात दिवसांचं गणित मांडून बघा म्हणजे आकडा कळेल. जेवण आत असतं, पण बाटलीबंद पाणी, कोल्ड्रिंक, खास रेस्टॉरंट, वायफाय यांचे पैसे बऱ्याचदा वेगळे. दारूचं पॅकेज काही कंपन्यांत एका मोठ्या माणसानं घेतलं तर त्याच खोलीतल्या दुसऱ्या मोठ्यालाही घ्यावं लागतं. नवऱ्याचा तसा विचार असेल तर तुम्ही आधीच काय ते ठरवा. परदेशी सहलीवर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जातो. तो रिटर्न भरताना वळता होतो, पण आज खिशातून जातोच. बोटीनं विकलेल्या सहली महाग असतात. नेपल्स, जिनोवा, मार्सेय स्वतः करा. रोमला मात्र बोटीचीच सहल घ्या. कारण त्यांची बस अडकली तर बोट थांबते. तुमची लोकल चुकली तर थांबत नाही, पुढच्या बंदरावर स्वखर्चानं गाठायची.

याच कारणानं बार्सिलोनाला निदान एक दिवस आधी पोचा. मुंबईहून मधे विमान बदलून जाल, त्यात एक फेरी हुकली तर बोट गेली.

फोनचं नीट ऐका. बोट किनाऱ्यापासून लांब गेली की फोन आपोआप बोटीच्या स्वतःच्या मोबाइल जाळ्याला जोडला जातो आणि त्याचे दर अंगावर काटा आणणारे असतात. तुमचं युरोपचं रोमिंग पॅक तिथे बहुधा चालत नाही. बोटीवर पाय ठेवला की सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर, विशेषतः मुलीचा.

बॅगेत इलेक्ट्रिक किटली आणि इस्त्री भरू नका. आगीच्या भीतीनं बोटीवर ती काढून घेतात, परतताना मिळते. गरम पाणी बुफेत चोवीस तास नसलं तरी बराच वेळ मिळतं, थर्मास न्या. दूधतुपाचे पदार्थ आणि मांस युरोपात बाहेरून नेता येत नाही, तेव्हा पेढे आणि तुपाची बरणी घरीच. चकली, चिवडा, मेतकूट, एकादशीसाठी राजगिऱ्याचे लाडू चालतील. भारतीय शाकाहारी जेवण हवं असं बुकिंगच्या वेळी लिहून द्या आणि पहिल्या रात्री मुख्य जेवणघराच्या प्रमुखाला भेटून सांगा. मग तो माणूस सात दिवस सासूबाईंना बघितलं की डाळ-भाताचं विचारायला येईल. बुफेत शिरताना हात साबणानं धुवा, नुसत्या सॅनिटायझरवर भागवू नका. बोटीवर पोटाचे आजार पसरवणारा नोरोव्हायरस त्याला फारसा दाद देत नाही.

सुटण्याआधी सुरक्षेची कवायत असते, ती बुडवू नका. इटलीच्या जिल्यो बेटाजवळ १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडली, ३२ माणसं गेली. त्या दिवशी चढलेल्या कित्येकांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. सासूबाईंना त्यांची जमायची जागा तुम्ही स्वतः चालत जाऊन दाखवा, कारण लिफ्ट अशा वेळी वापरायची नसते.

विमा घेताना आधीपासूनचं बीपी लिहा, लपवू नका. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसासाठी, निदान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतंच, पण बोटीवरचे डॉक्टर आणि गरज पडल्यास किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च त्यात येतो का ते वाचा. गोळ्या दोन ठिकाणी विभागून हातातल्या बॅगांत ठेवा, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव असू द्या.

व्हिसा स्पेनचा काढायचा, कारण आधीची रात्र धरून तुमचे सर्वांत जास्त दिवस तिथे भरतात. एजंटकडून दिवसांचा तक्ता मागून खात्री करून घ्या. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे महिन्यासाठी भेटीच्या वेळा मिळणं जिकिरीचं असतं, तेव्हा नोव्हेंबर-डिसेंबरलाच हालचाल करा. बोटांचे ठसे द्यायला सासूबाईंना स्वतः जावं लागेल, मुलाला बारा वर्षांखाली असल्यानं ते लागत नाहीत.

आणि हे सगळं पुढचं. आधी कपाटातून सासूबाईंचा पासपोर्ट काढा. आहे ना? युरोप सोडल्यानंतर निदान तीन महिने तो चालू हवा आणि दहा वर्षांच्या आत काढलेला हवा. नसेल, तर आधार, पॅन आणि शाळेचा दाखला तिन्ही शेजारी ठेवून नाव आणि जन्मतारीख ताडून बघा. माहेरचं नाव एकीकडे, सासरचं दुसरीकडे, असं त्या वयाच्या बायकांचं हमखास असतं. ते दुरुस्त करायलाच दोन-तीन महिने जातात.